फ्लीटसाहेब आणि आपल्या देवळातला दगड

आपल्या भागात भाषेवरून वाद रंगला की दोन्ही बाजूंची पोतडी उघडते. आपण मराठी माणसे खानेसुमारीचे आकडे काढतो, शाळांचे पट काढतो, जमिनीचे जुने उतारे आणि ग्रामपंचायतींचे ठराव पुढे करतो. समोरून मग एक नाव हमखास येते. ते नाव डॉक्टर फ्लीट यांचे. 'तुमच्या त्या दक्षिण महाराष्ट्रात दोन-तीनशे वर्षांपलीकडचा एकही मराठी शिलालेख सापडलेला नाही, असे खुद्द इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे,' असे सांगितले जाते आणि आपली माणसे गप्प होतात, नाही तर उखडतात. 'साहेबाला काय कळते आमचे?' एवढेच उत्तर मी आजवर अनेक पारांवर आणि अनेक सभांत ऐकले आहे.

हे उत्तर मला कधी पुरेसे वाटले नाही. साहेबाला बरेच कळत होते, हीच खरी अडचण आहे. म्हणून हा माणूस कोण, त्याने काय केले आणि त्याच्या त्या वाक्याचे ओझे किती, हे आपल्या वाचकांपुढे एकदा नीट मांडावे म्हणून हा लेख.

जॉन फेथफुल फ्लीट यांचा जन्म १८४७ चा. शिक्षण लंडनला मर्चंट टेलर्स शाळेत. सिव्हिल सर्व्हिससाठी निवड झाल्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी गोल्डश्टुकर या जर्मन पंडिताकडे संस्कृतचे धडे घेतले आणि १८६७ साली, वयाच्या विशीत, मुंबई इलाख्यात नोकरीवर रुजू झाले. असिस्टंट कलेक्टर, मॅजिस्ट्रेट, १८७२ पासून दक्षिण विभागाचे एज्युकेशनल इन्स्पेक्टर, १८७५ मध्ये कोल्हापूर आणि दक्षिण मराठा देश यांचे असिस्टंट पोलिटिकल एजंट, पुढे कलेक्टर, कमिशनर आणि अखेर मुंबईला कस्टम्स कमिशनर. १८९७ ला निवृत्त होऊन परत गेले. ही झाली सरकारी चाकरी. असे शंभर साहेब आले आणि गेले, त्यांची नावे आता त्यांच्या कबरींवरच वाचायला मिळतात. फ्लीट राहिले ते त्यांनी फावल्या वेळात केलेल्या कामामुळे.

त्या काळच्या अधिकाऱ्याला फिरती असे. तंबू, घोडा, शिरस्तेदार, चपराशी असा लवाजमा घेऊन हिवाळाभर गावोगाव मुक्काम. कोणी साहेब फिरतीत शिकार करी, कोणी चित्रे काढी. फ्लीट देवळाच्या आवारात जाऊन दगड पुसत बसत. आपल्या भागात असे दगड पैशाला पासरी होते, आजही आहेत. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य, मध्ये लिंग किंवा जिनमूर्ती, शेजारी गाय-वासरू, आणि खाली बारीक वळणाच्या अक्षरांच्या ओळी. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावे असा त्या खुणांचा अर्थ. ही अक्षरे हळेगन्नडची, म्हणजे जुन्या कानडीची. ती वाचणे गावातल्या कानडी माणसालाही जमत नव्हते, मग मराठी माणसाची कथा काय!

फ्लीट यांच्या आधी या वाटेने एक साहेब गेला होता, वॉल्टर एलियट. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या वाड्यासमोर धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा राणी चन्नम्माच्या माणसांनी जे दोन इंग्रज कैद केले त्यांतला हा एक. सुटल्यावरही तो १८३३ पर्यंत याच मुलखात राहिला आणि पाचशे पंचाण्णव शिलालेखांच्या नकला त्याने गोळा केल्या. पण त्या हाताने उतरवलेल्या. नक्कल करणारा जे अक्षर समजेल ते लिही, समजले नाही तिथे अंदाज करी.

फ्लीट यांचा कटाक्ष इथेच होता. नकलेवर त्यांचा विश्वास नव्हता. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर अंथरायचा, ब्रशाने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत बसवायचा, शाईचा बोळा फिरवायचा आणि ठसा उचलायचा. तो ठसा पुढे यंत्राने छापायचा, मधे कोणी हात लावून अक्षर 'सुधारायचे' नाही. दगडाने जे सांगितले तेच छापले गेले पाहिजे, वाचन चुकले तर ते आपले चुकले आणि दुसऱ्याला तपासता आले पाहिजे. हा नियम आज साधा वाटतो. त्या वेळी बड्या बड्या विद्वानांना तो पाळवत नव्हता. फ्लीट स्वतः काही कमी हेकट नव्हते. म्हैसूरकडच्या गंग राजांचे कितीतरी ताम्रपट त्यांनी बनावट ठरवले आणि त्यावरून राईस या दुसऱ्या इंग्रज पंडिताशी त्यांचा वर्षानुवर्षे वाद चालला.

आता आपल्या अंगणात या. खानापूर तालुक्यातली हलशी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिथल्या भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. या गावाजवळ चक्रतीर्थ नावाची विहीर आहे, तिच्या परिसरात ताम्रपटांचे जुडगे सापडले. ते वाचून छापले फ्लीट यांनी. त्यावरून कळले की हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका, पाचव्या-सहाव्या शतकातली एक राजधानी. ज्या गावाचा उल्लेख आपण एस.टी.च्या पाटीपुरता करतो, त्या गावाला दीड हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे, हे या माणसामुळे आपल्याला कळले. देवळातला गोव्याच्या कदंबांचा लेखही त्यांनीच प्रसिद्ध केला. गोव्यात राज्य करणारे राजे हलशीच्या देवाला जमीन देत होते, तेव्हा चोर्ल्याच्या घाटावर कुठला नाका नव्हता.

आणि एक गंमत पाहा. हलशीचे ते सर्वांत जुने ताम्रपट कोणत्या भाषेत आहेत? कानडीत नाहीत आणि मराठीतही नाहीत. ते संस्कृतात आहेत. उद्या कोणी ताम्रपटाच्या भाषेवरून गावाची मालकी ठरवू लागला, तर हलशी कोणाला द्यावी लागेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

बेळगाव शहराचेही असेच. सौंदत्तीच्या आणि मग वेणुग्रामच्या, म्हणजे बेळगावच्या, रट्ट राजांची वंशावळ फ्लीट यांनी लेखांवरून जुळवली. किल्ल्यातली कमलबस्ती रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळची. त्या काळचे, १२०४ सालचे, बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत वेणुग्रामच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी बस्तीला दिलेल्या करांचा हिशेब आहे, आणि त्या व्यापाऱ्यांत लाट देशचे, म्हणजे गुजरातेकडचे, आणि केरळातलेही आहेत. बेळगावची पेठ आठशे वर्षांपूर्वीही एका भाषेची नव्हती.

'मुंबई इलाख्याच्या कानडी जिल्ह्यांतील राजघराणी' हा फ्लीट यांचा ग्रंथ प्रथम १८८२ साली निघाला. वाढवलेली आवृत्ती १८९६ साली मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात आली. त्याच भागात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा दख्खनचा प्राचीन इतिहासही आहे. म्हणजे महाराष्ट्राचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास आणि कर्नाटकाचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास एकाच पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. आज हे दोन इतिहास दोन बाजूंच्या वकिलांच्या टेबलांवर असतात. त्या जाडजूड पुस्तकात मात्र ते गुण्यागोविंदाने नांदतात, कारण चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, शिलाहार यांना कृष्णेच्या अलीकडे आणि पलीकडे असे वाटून घेताच येत नाही.

फ्लीट यांचे जगभर नाव झाले ते मात्र आपल्या भागाच्या कामावरून नव्हे. १८८३ ते १८८६ या काळात ते हिंदुस्थान सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ होते आणि गुप्त राजांचे लेख संपादण्याचे काम त्यांच्याकडे होते. गुप्तांचा शक कुठल्या साली सुरू झाला याचा घोळ तोवर मिटला नव्हता. माळव्यात मंदसोरला सापडलेल्या रेशीम विणकरांच्या लेखावरून आणि इतर लेखांतल्या तिथी-वारांवरून फ्लीट यांनी तो इसवी सन ३१९-२० ला नेऊन ठेवला. पण तिथी-वारांचे गणित करायचे कोणी? इथे एक मराठी मास्तर पुढे येतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीजवळच्या मुरुडचे, शाळाखात्यातले शिक्षक. एरणच्या खांबावर बुधगुप्ताच्या काळचा लेख आहे, वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. दीक्षितांनी गणित मांडून दाखवले की हा दिवस २१ जून ४८४, आणि त्या दिवशी गुरुवारच येतो. किल्लीने कुलूप उघडावे तसे झाले. १८८८ साली निघालेल्या फ्लीट यांच्या गुप्तलेखांच्या खंडात ही गणिते दीक्षितांच्या नावानिशी आहेत. दीक्षितांनी पुढे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ लिहिला तो मराठीत. फ्लीट मराठीच्या वाइटावर होते असे ज्यांना वाटते त्यांनी हा खंड उघडून पाहावा.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. १८८५ पासूनची काही वर्षे 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक फ्लीट आणि रिचर्ड टेंपल मिळून चालवीत. त्यात फ्लीट यांनी कानडी लावण्या, म्हणजे आपल्या भाषेत पोवाडे, छापले. कोणते? तर एक संगोळ्ळी रायण्णाचा. कित्तूरसाठी लढलेल्या या शिपायाला इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत नंदगडला फाशी दिले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दुसरा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांचा, ज्यांनी १८५७ साली हत्यारे खाली ठेवायला नकार दिला आणि गावासकट जळले. आणखी एक होता चक्क इन्कमटॅक्सवर! इंग्रज सरकारचा अधिकारी, इंग्रजांनी फासावर चढवलेल्या माणसांची गाणी गोंधळ्या-गवयांकडून लिहून घेतो, तर्जुमा करतो आणि छापतो. त्याच्या मनात काय होते ते देव जाणे. पण कागदावर उतरली म्हणून ती गाणी टिकली. नंदगडला रायण्णाच्या समाधीवर आजही मराठी बाया कानडी बायांइतक्याच भक्तीने नारळ फोडतात. नवसाला पाळणे बांधतात. तिथे कोणी भाषा विचारीत नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ, ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच. इंग्रजांनी पेशवाई बुडाल्यावर या मुलखाला 'सदर्न मराठा कंट्री' असे नाव दिले, कारण इथले जहागीरदार मराठे होते, पटवर्धन, घोरपडे आणि बाकीचे. फ्लीट यांना हे नाव पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की या भागावर मराठ्यांनी राज्य केले हे खरे, पण जुने लेख सारे कानडी किंवा संस्कृत आहेत, आणि मराठी लेख मिळतो तो फार तर दोन-तीनशे वर्षांचा. थोडक्यात, मूळचा हा कानडी मुलूख.

पहिले पाऊल प्रामाणिकपणे टाकू. या चार जिल्ह्यांपुरते बोलायचे, तर जुन्या लेखांचा फार मोठा भाग कानडी आहे हे खोडता येत नाही. आपले काही वक्ते श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेली मराठी ओळ पुढे करतात. ती आहेच, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते. पण श्रवणबेळगोळ हासन जिल्ह्यात आहे, बेळगावपासून कितीतरी दूर, आणि तिथे कानडी आणि तमिळ ओळीही शेजारीच आहेत. यात्रेकरूंच्या गावातली ती पाटी, सर्वांना कळावी म्हणून तिन्ही भाषांत कोरलेली. तिच्यावरून हासन मराठी ठरत नाही, तसे फ्लीट यांचे म्हणणेही पडत नाही. खोटा पुरावा आपल्या बाजूने उभा केला की खऱ्या पुराव्याचीही किंमत जाते.

पण दुसरे पाऊलही तितक्याच प्रामाणिकपणे टाकले पाहिजे. शिलालेख कोण कोरवतो? राजा, सामंत, सावकार, मठ. जो दान देतो तो दरबारच्या भाषेत देतो. शेत नांगरणारा, दळण दळणारी, गुरे राखणारा यांनी दगड कोरला नाही, कोरायला त्यांच्याजवळ ना पैसा ना जमीन. पुलकेशीचा प्रख्यात ऐहोळे लेख, शके ५५६ चा, फ्लीट यांनीच संपादला. तो बागलकोट जिल्ह्यातल्या मेगुती देवळात आहे, संस्कृतात आहे, आणि पुलकेशी तीन 'महाराष्ट्रकां'चा, नव्व्याण्णव हजार गावांचा धनी झाला असे त्यात रवीकीर्ती सांगतो. ज्या संस्कृतात तो लेख आहे ती त्या नव्व्याण्णव हजार गावांतल्या किती चुलींपुढे बोलली जात असेल?

शिवाय हा न्याय एकाच बाजूने लावता येत नाही. कोल्हापूरच्या शिलाहारांचे कितीतरी लेख कानडी आहेत. सोलापूर जिल्ह्यात कानडी लेखांचा पूर आहे. त्याच जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके ९४० ची मराठी ओळ आहे आणि तिच्या सोबतीला कानडी लेख आहेत. दगडावरून सीमा आखायची झाली तर पंचगंगेचे पाणीही वादात जाईल. खुद्द पंढरीच्या विठोबाला ज्ञानोबांनी कानडा म्हटले, म्हणून वारकऱ्याची वाट कोणी बदलली नाही.

फ्लीट इतिहास लिहीत होते, राज्ये वाटून देत नव्हते. त्यांच्या हयातीत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे पुण्या-सोलापुरासारखेच मुंबई इलाख्यातले जिल्हे होते आणि चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. १९५६ साली चंदगड कोल्हापुरात गेले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. त्यानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या सगळ्या खटाटोपात प्रश्न हाच आहे की आज, या गावात, माणसे कोणती भाषा बोलतात, मुलांना कोणत्या भाषेत शिकवू इच्छितात, सरकारी कागद त्यांना कोणत्या भाषेत वाचता येतो. याचे उत्तर फ्लीट यांच्या ठशाच्या कागदावर मिळणार नाही. ते घरात, शाळेत आणि तलाठ्याच्या चावडीत शोधायला हवे. बाराशे वर्षांपूर्वी इथला राजा कानडी होता, हे कबूल करूनही आजच्या मराठी पोराला मराठी शाळा हवी हे म्हणणे तसूभरही कमी होत नाही. या दोन गोष्टी आपण एकमेकींत गुंतवतो, म्हणून पारावर आपल्याला उत्तर सुचत नाही.

निवृत्तीनंतर फ्लीट लंडनजवळ ईलिंगला राहिले. रॉयल एशियाटिक सोसायटीचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले, शामशास्त्रींच्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या इंग्रजी तर्जुम्याला १९१५ साली प्रास्ताविक टिपण लिहिले, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत ते वारले. धारवाडकडे त्यांना कानडी शिलालेखशास्त्राचे आद्य पुरुष म्हणून मान आहे, तो योग्यच आहे. आपल्याकडे त्यांचे नाव फक्त भांडणात निघते.

माझे आजोळ खानापूर तालुक्यातले. तिथल्या देवळाच्या पायरीशी असाच एक दगड होता. वर चंद्र-सूर्य, खाली सतरा-अठरा ओळी. लहानपणी मामी त्याच्या कडेवर विळा घासून धार लावायची, कारण दगड कुरुंदासारखा चांगला होता. डावीकडच्या ओळींची सुरुवात त्यातच गेली. पुढे जीर्णोद्धार झाला आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात बसले, पिवळ्या रंगाचे. मागच्या वर्षी एका कानडी शाळेतल्या मास्तरांना घेऊन गेलो. त्यांना हळेगन्नड थोडेफार येते. त्यांनी रॉकेलचा बोळा मागवला, तासभर घासले आणि चार ओळी काढल्या. कोणा गावुंडाने देवाच्या नंदादीपासाठी घाण्याचे तेल लावून दिले होते, आणि जो हे मोडील तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल असा नेहमीचा शाप होता. मास्तर हे वाचून कानडीत सांगत होते, मी मराठीत सांगत होतो, आणि पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या मामीने दोन्ही ऐकून कपाळाला हात लावला. 'अगं बाई,' ती म्हणाली, 'आणि मी त्याच्यावर विळा घासला की रे!'

उरलेल्या ओळींसाठी मास्तर दिवाळीच्या सुट्टीत यायचे आहेत. ठसा घ्यायचा कागद बेळगावात मिळतो का, तेवढे पाहायचे आहे.